खांडववनात कोण राहत होतं?

बीजेला आम्ही डोंगर उतरून देहूला गेलो होतो. रात्री कीर्तनात बुवांनी खांडववनाची गोष्ट रंगवली. श्वेतकी राजाच्या यज्ञांचं तूप खाऊन अग्नीला अजीर्ण झालं. त्यावर औषध काय, तर आख्खं जंगल! इंद्र पाऊस घेऊन आला, तो अर्जुनाने बाणांनी अडवला. पळेल त्याला मारला. अश्वसेनाला वाचवताना त्याच्या आईची, तक्षकाच्या बायकोची, मान छाटली. लोक माना डोलवत होते. आम्ही गप्प.

तूप राजाचं, अजीर्ण देवाचं, मग जळायचं रानातल्यांनी का? नाग म्हटलं, दानव म्हटलं, की मारायला मोकळे. आज आम्हाला अतिक्रमणदार म्हणतात, ते तसंच. आणि मय दानवाला जिवंत ठेवला, पुढे त्याच्याकडूनच पांडवांनी राजसभा बांधून घेतली. आमचीही पोरं चाकण-पिंपरीला कंपन्यांच्या भिंती बांधायला जातातच की.

आम्ही विचारलं तर बुवा म्हणाले, पुराणात शंका काढू नये. अहो, हे देहूत सांगता? शूद्राला अधिकार नाही म्हणून तुकोबांच्या वह्या इथंच इंद्रायणीत बुडवायला लावल्या ना?

महाभारतात त्या आईचं मरण निदान लिहून तरी ठेवलंय. आमच्या नाचणीच्या शेताची नोंद फक्त दंडाच्या पावतीवर. त्या पावत्या चुलीत घालू नका. म्हाताऱ्यांना विचारा, कोणतं शेत कोणत्या सालापासून कसतो, आणि लिहून पुढच्या बैठकीला आणा.