सोमवारची पोटदुखी

सोमवारी सकाळी पोटदुखीची मुले दवाखान्यात हमखास येतात. बहुतेकांचे कारण रविवारच्या खाण्यात सापडते. तीन वर्षांपूर्वी मात्र तिसरीतला एक मुलगा पावसाळाभर वरचेवर येत राहिला. दुखणे बेंबीभोवती, ताप नाही, जुलाब नाहीत, वजन वयाला साजेसे. मी जंताचे औषध दिले, मग आम्लपित्ताचे दिले, लघवी तपासली, सोनोग्राफीही करून घेतली. सारे व्यवस्थित निघाले. चौथ्या खेपेस मी त्याच्या आईला हसत म्हणालो, “ताई, याला शाळेचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही.” मुलाने मान खाली घातली. निदानाचा अर्धाच भाग मी केला होता. शाळा का नकोशी झाली, हे विचारायचे राहून गेले होते.

दिवाळीनंतर तो खोकल्यासाठी आला. एसटी स्थानकावरून कोणती गाडी किती वाजता सुटते, हे त्याने मला तोंडपाठ सांगितले. कौतुक वाटून मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचायला सांगितला. चित्रे पाहून त्याने मजकूर अंदाजाने सांगितला. मी चित्रांवर हात ठेवला, तेव्हा ‘स्वच्छ’ या शब्दापाशी तो थांबला. ‘धुवा’चे त्याने ‘घुवा’ केले. कपाळावर घाम आला. त्याला बाहेर बसवल्यावर आईचा बांध फुटला. “रोज संध्याकाळी तीन तास घेऊन बसते मी त्याला. रात्री पाठ केलेलं सकाळी विसरतो. परवा फार मारलं हो डॉक्टर, पट्टी मोडेपर्यंत.”

हा मुलगा आळशी नव्हता आणि मंदबुद्धीही नव्हता. पुढे रीतसर तपासणीत त्याला वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, असल्याचे निष्पन्न झाले. अशा मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिकही असू शकते. परंतु अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचे काम त्यांचा मेंदू सहजतेने करीत नाही. आपल्या मराठीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे येथे ही अडचण ठळकपणे दिसते. वाचायला शिकणारे प्रत्येक मूल सुरुवातीस अशा चुका करते. इतरांच्या चुका ओसरल्यावरही ज्याच्या टिकून राहतात, त्याच्याकडे लक्ष द्यावे.

ही आजकालची टूम आहे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्लंडमधील सीफर्ड या गावातील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी 1896 साली अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुलगा हुशार होता, गणित त्याला येत होते. पण वर्षानुवर्षे शिकवूनही वाचन जमत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

आपल्या मुलाबाबत शंका आल्यास प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. झोप, रक्तक्षय आणि आवश्यकता वाटल्यास थायरॉईड यांकडेही पाहावे. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून मूल्यमापन करून घ्यावे. अधिकृत निदान साधारणतः तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या सुमारास करता येते. मदत मात्र त्याआधीही सुरू करावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यामध्ये नमूद केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. या कामास वेळ लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवीपर्यंत कागदपत्रे तयार ठेवावीत. डिस्लेक्सियावर गोळी नाही, बुद्धिवर्धक टॉनिक नाही, डोळ्यांचे व्यायामही नाहीत. उपयोग होतो तो पायरीपायरीने, ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पक्की करणाऱ्या विशेष शिकवणीचा. जोडीला अतिचंचलता असेल तर तिचे उपचार वेगळे असतात.

हे सर्व मी त्या आईवडिलांना सांगितले. वडिलांचे गॅरेज आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग हळू आवाजात म्हणाले, “मी नववीला शाळा सोडली, डॉक्टर. अक्षरं डोळ्यांपुढं उभीच राहायची नाहीत. मला वाटायचं, मी ढ आहे.” हा दोष अनेकदा घराण्यात चालत येतो. मी त्यांना एवढेच सुचवले की, हे वाक्य मुलाला एकदा सांगा. त्यांनी ते त्याच रात्री सांगितले.

यापुढचा सल्ला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. मूल शाळेत मागे पडू लागले की घरालाच शाळेचे रूप येते. आई बाई होते, वडील हेडमास्तर होतात, आणि दिवसभर अपमान सोसून आलेल्या मुलाला परतायला घर उरत नाही. म्हणून त्या आईला मी संध्याकाळचे तीन तास बंद करायला सांगितले. त्याऐवजी वीस मिनिटे वाचन: एक ओळ तिने वाचायची, एक त्याने, अडल्यास शब्द लगेच सांगायचा. इतिहास, परिसर अभ्यास तिने वाचून दाखवायचा आणि उत्तरे तोंडी घ्यायची; वाचता येत नाही म्हणून ज्ञान अडून राहू नये. उरलेल्या वेळी अभ्यासाचा विषय काढायचा नाही. भावंडांशी तुलना नाही, पाहुण्यांसमोर गुणांची चर्चा नाही. शिक्षकांना भेटून, वर्गात अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये, एवढी विनंती लेखी करायची.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट 2007 साली आला. त्याने फार चांगले काम केले, पण तेव्हापासून काही पालक मला विचारतात, “मग आमच्या मुलात कोणती कला दडली आहे?” कदाचित कोणतीही नसेल. चित्रकार किंवा शास्त्रज्ञ होण्याच्या अटीवर मुलाला माया मिळू नये.

पोटदुखीविषयी एक खुलासा. अशा मुलांचे पोट खरोखर दुखते. ते नाटक नसते. मात्र वेदनेने झोपेतून जाग येणे, वजन घटणे, ताप, सतत उलट्या, शौचातून रक्त किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काही असल्यास कारण शाळेत शोधू नये, तातडीने तपासणी करावी. तसेच मूल मरणाची भाषा बोलू लागले, खाणे-खेळणे सोडून कोपऱ्यात बसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

तो मुलगा आता सहावीत आहे. वाचन अजून संथ आहे, शुद्धलेखनात लाल रेघा भरपूर असतात. आठवड्यातून दोनदा तो विशेष शिक्षिकेकडे जातो. आईने नवी पट्टी घेतलेली नाही, असे तो मला मुद्दाम सांगून गेला. सोमवारी पोट अजूनही कधीमधी दुखते. तेव्हा तो कारणही सांगतो, आणि आई ते ऐकून घेते.