फ्री एनर्जीचं सर्किट बनवा खुशाल, पण ॲडव्हान्स घेऊ नका

आजचा विषय जरा वादाचा आहे, काही जण रागावतील, पण बोलणं गरजेचं आहे.

उकाडा वाढला, लाइट जायला लागली की मला एक फोन हमखास येतो. "दादा, व्हिडिओ बघून फ्री एनर्जीचं सर्किट जोडलंय. बल्ब लागतो. याचा धंदा करूया काय?" विचारणारा बहुतेक वेळा आयटीआय केलेला, हाताने हुशार मुलगा असतो. घरचेही खूश असतात. बिल येवचाच नाय, मगे आणि काय व्हया!

माझं उत्तर सरळ आहे. सर्किट बनवा. धंदा म्हणून विकू नका. आणि शेजारपाजारच्यांकडून ॲडव्हान्स तर अजिबात घेऊ नका.

का, ते हिशेबात बघा. सगळ्यात जास्त दिसणारं मॉडेल म्हणजे मोटर, तिला पट्ट्याने जोडलेलं जड चाक आणि पुढे अल्टरनेटर. त्यातली वीज परत मोटरला. समजा मोटर १००० वॉट खाते. चांगली असेल तर शाफ्टवर ८०० मिळतात. पट्ट्यात ४० गेले, उरले ७६०. अल्टरनेटर ८० टक्क्यांचा धरला तर हातात ६०८. म्हणजे १००० चा माल घेऊन ६०८ ला विकला. असं दुकान किती दिवस चालेल? "पण दादा, फ्लायव्हील आहे ना!" अरे, फ्लायव्हील म्हणजे पाण्याची टाकी. ओतलं तेवढंच निघणार, वर गळती वेगळी.

मग डेमोमध्ये बल्ब लागतो कसा? यूपीएसमध्ये असते तेवढी १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी घ्या. तिच्यात ८४ वॉट-तास असतात. ९ वॉटचा एलईडी बल्ब त्यावर, नुकसान धरूनही, सहा-सात तास आरामात चालतो. म्हणजे तीन तासांचा डेमो बघून काहीच सिद्ध होत नाही. दुसरी गंमत अशी की लोड काढून बॅटरी थोडा वेळ ठेवली की तिचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतो. मुलांना वाटतं सर्किटने चार्ज केली! त्यात साधा मल्टिमीटर पल्सवाल्या करंटवर चुकीचे आकडे दाखवतो, आणि आपण व्होल्ट बघून पॉवर समजतो.

हे फक्त शिकाऊ मुलांचं होतं असं समजू नका. गोवा ओलांडून कारवारला जा. तिथल्या कैगा अणुवीज प्रकल्पाचे एकेकाळचे प्रमुख परमहंस तिवारी. मोठा इंजिनीअर माणूस. अवकाशातूनच ऊर्जा मिळते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आपला जनरेटर दिलेल्यापेक्षा जास्त वीज देतो असा त्यांचा दावा. कित्येक वर्षं त्यांनी त्यावर काम केलं. २०१७ मध्ये ते गेले. त्या तत्त्वावरचा जनरेटर आजही कुठल्या दुकानात मिळत नाही. मी त्यांना फसवे म्हणणार नाही. पण एवढ्या अनुभवाच्या माणसाचा माल बाजारात उभा राहिला नाही, तर तुम्ही सोनं गहाण ठेवून काय उभं करणार, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आयर्लंडमध्ये स्टिऑर्न नावाची कंपनी होती. २००६ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं, की या, तपासा. २००९ मध्ये त्यांनीच नेमलेल्या ज्युरीने सांगितलं की जास्तीची ऊर्जा दाखवता आलेली नाही. नंतर कंपनी बंद झाली, पैसे घालणारे बसले हात चोळत.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) म्हणतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या गोष्टीला पेटंट नाही. आणि 'बिल शून्य करणारं यंत्र' अशी जाहिरात केलीत, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गावात तर दंडाच्या आधी नाव जातं. बाजारात रोज तीच माणसं भेटतात.

आणखी एक, आणि यात मी चेष्टा करत नाही. लाइट गेल्यावर असलं घरगुती यंत्र थेट घराच्या बोर्डात जोडू नका. वीज उलटी लाइनवर जाऊ शकते. पोलावर वायरमन चढलेला असतो.

आता या मुलांच्या हाताचं काय करायचं? मला त्यांचा हात वाया जाताना बघवत नाही. जूल थीफ नावाचं छोटं सर्किट आहे. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि फेराइटच्या रिंगवर दोन वेटोळी. रिंग जुन्या सीएफएलमधून काढता येते. घड्याळातून टाकून दिलेल्या सेलवर पांढरा एलईडी लागतो, कारण त्या सेलमध्ये थोडी शिल्लक असते आणि सर्किट व्होल्टेज वाढवून तीच काढतं. हे फुकट नाही, उरलंसुरलं आहे. पाकिटावर तसंच छापून शाळांना किट म्हणून द्या. मुलं शिकतील, तुमचं नाव राहील.

मोठं काम मात्र वेगळीकडे आहे. मे २०२१ चं तौक्ते आठवा. किती पोल पडले, किती वाड्या अंधारात राहिल्या! तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्याला इन्व्हर्टर, बॅटरी, सोलर नीट बघणारा माणूस हवा असतो. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनल खातात, कनेक्टर काळे पडतात, पॅनेलवर मिठाचा थर बसतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, म्हणजे छपरं वाढणार आणि दुरुस्तीही वाढणार. वर्षाचा सर्व्हिस करार करा, पावसाळ्याआधी एक फेरी, नंतर एक. (होडीवर दिवे लावून देणार असाल तर जपून. एलईडीच्या मासेमारीवर बंदी आहे.)

तरीही कुणाला वाटत असेल की आपलं सर्किट खरंच चालतं, तर दुकानात घेऊन या. माझी चाचणी एकच. सुरू करायला बॅटरी लावा, मग आउटपुट इनपुटला जोडा, बॅटरी काढून माझ्या टेबलावर ठेवा आणि ९ वॉटचा बल्ब आठ दिवस जळू दे. जागा आणि टेबल माझं, भाडं नाही. रविवारी दुपारनंतर या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.