खुर्चीवरचा कादंबरीकार

पूर्णेचे जे पाणी येलदरीच्या धरणातून सुटते ते आमच्या सिद्धेश्वरला पुन्हा एकवार अडविले जाते आणि तेथून कालव्यांनी शिवारोशिवारी जाते. त्या धरणाच्या कडेला गेल्या आठवड्यात, नात्याने माझी पुतणी लागणारी, मराठीत एम.ए. करणारी एक मुलगी मांडीवर गाइड उघडून बसली होती, आणि त्या गाइडात भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर सात ‘स्वभाववैशिष्ट्यां’त विभागून, प्रत्येकाखाली रेघ ओढून, परीक्षेच्या स्वाधीन केलेला होता. कॉलेजच्या शिक्षणाला विटून पुण्याहून हात हलवीत गावी परतलेल्या त्या पोराचा हा पंचनामा पाहून मला हसू आले. “मूळ पुस्तक वाचलंस का गं?” असे विचारले तर ती म्हणाली, “काका, पुस्तकाला वेळ कुठंय? पेपर तर ह्यातनंच येतो.”

मुलीस दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. समकालीन साहित्य म्हणजे अद्याप ज्याचा निकाल लागलेला नाही असे साहित्य, आणि ज्याचा निकाल लागलेला नाही ते तयार उत्तरांच्या साह्याने शिकविणे हा मूळचाच विसंवाद आहे. म्हणून हा विषय शिकविणाऱ्यांत निदान एक तरी माणूस असा असावा की ज्याने स्वतः कोऱ्या कागदासमोर बसून, हे पात्र कसे बोलेल याचा निर्णय न लागल्यामुळे रात्री घालविल्या आहेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

इटलीत ‘समकालीन इटालियन साहित्य’ हा विद्यापीठीय अध्यापनाचा स्वतंत्र विषय गणला जातो, आणि लाक्विला येथील विद्यापीठात पूर्वी तो शिकविणारे वाल्तेर सिती हे स्वतः कादंबरीकार. पासोलिनी या इटालियन लेखकाच्या समग्र वाङ्मयाचे साक्षेपी संपादन करणाऱ्या या पंडिताने १९९४ साली पहिली कादंबरी लिहिली ती विद्यापीठातील अध्यापकांच्याच जगाची झाडाझडती घेणारी, आणि निवेदकाला नाव दिले तेही स्वतःचेच. पुढे २०१३ साली त्यांना स्त्रेगा हा तेथील मानाचा पुरस्कार मिळाला.

आमच्याकडे मात्र मौज अशी की कादंबरीकार प्राध्यापक पुष्कळ झाले, पण त्यांतील कित्येकांनी मराठी सोडून इतर सर्व काही शिकविले. नेमाडे औरंगाबादेस, गोव्यात व मुंबईत इंग्रजी, भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्य शिकवीत होते. श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे पदार्थविज्ञान. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागातील आनंद यादव किंवा मराठीचेच प्राध्यापक राहिलेले राजन गवस यांच्यासारखी नावे आहेत, नाही असे नाही, परंतु तेथेही नेमणूक झाली ती पदवीच्या सनदेवर. ‘झोंबी’ किंवा ‘तणकट’ या त्यांच्या कादंबऱ्या अर्जाला जोडलेल्या नव्हत्या. आणि ज्या अण्णाभाऊ साठ्यांवर आज प्रबंधांमागून प्रबंध मंजूर होतात, ते ‘फकिरा’चे कर्ते, ज्यांची शाळा दीड दिवसांची, आमच्या नियमांप्रमाणे त्याच विभागात शिपायाच्या हुद्द्यासही पात्र ठरले नसते.

यावर आक्षेप येतो तो पक्षपाताचा. लेखक आपल्या कंपूतील मंडळींना डोक्यावर घेईल व इतरांना पायदळी तुडवील, हे भय अगदीच निराधार नाही. नेमाडे यांनी कथा या वाङ्मयप्रकाराचीच जी हेटाळणी केली ती कथाकारांना अद्याप विसरता आलेली नाही. तथापि उघड पक्षपात हा झाकलेल्या पक्षपाताहून शतपटीने बरा, कारण त्याच्याशी विद्यार्थ्याला भांडता येते. अभ्यास मंडळाच्या बैठकीत कोणाचे पुस्तक कोणाच्या शिफारशीने नेमले गेले, हे मात्र कोणत्याही गाइडात छापलेले नसते. एक अट मी जरूर घालीन: स्वतःचे पुस्तक त्याने स्वतः शिकवू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली आहे. तीत पदवीची सक्ती नाही, व्यवसायातील पंधरा वर्षांचा अनुभव पुरतो, साहित्याचा क्षेत्रांच्या यादीत नावानिशी उल्लेख आहे आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. पण अध्यापनाच्या पेशात असलेल्या वा त्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे दार बंद आहे. आणि मराठी कादंबरीवर पोट भरत नसल्यामुळे आमचा कादंबरीकार बहुधा मास्तरच असतो! उरतो तो शेती करून, कचेरीत दप्तरे सांभाळून लिहिणारा. माझ्या मते तोच हवा. हिंगोली जिल्ह्याची महाविद्यालये ज्याच्या अखत्यारीत येतात त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने असा एक जण नेमावा, व त्याला विभागात कोंडून न ठेवता औंढा, वसमत, कळमनुरीकडे महिन्यातून दोनदा तरी धाडावे; एसटीचे भाडे काही फार होणार नाही.

“मग नेमाडे सर औरंगाबादला ‘कोसला’च शिकवायचे का?” पुतणीने उठता उठता विचारले. ते इंग्रजी शिकवीत, हे ऐकून तिने गाइड काही धरणात भिरकावले नाही. सातव्या वैशिष्ट्याशेजारी समासात पेनाने एक प्रश्नचिन्ह मात्र काढले, आणि अंधार पडायच्या आत घरी जायला हवे म्हणून ती लगबगीने निघाली.