स्वस्त गावाचा महाग हिशोब

पोस्टिंगची ऑर्डर आली की मेसमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे महागाई कशी आहे?" माझी ऑर्डर बठिंड्याहून पुण्याची निघाली तेव्हा अभिनंदन कमी आणि सांत्वन जास्त झालं. "पुणे? पगार पुरायचा नाही." एका सीनिअरनी तर थेट निवृत्तीनंतरचा सल्ला दिला. छावणीच्या एखाद्या छोट्या गावात प्लॉट घेऊन ठेव, पेन्शनवर राजासारखा राहशील. माझं भांडण या सल्ल्याशी आहे. तो ऐकून चांगल्या माणसांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय.

मीही आधी सगळे करतात तेच केलं. एक्सेल शीट उघडली. डावीकडे बठिंडा, उजवीकडे पुणे. दूध, भाजी, पेट्रोल, कामवाल्या बाई, शाळा. दोन संध्याकाळी घालवल्यावर लक्षात आलं की बऱ्याच ओळींत दोन्हीकडे जवळपास एकच आकडा आहे. कॅन्टीन दोन्हीकडे. केंद्रीय विद्यालयाचा विकास निधी दोन्हीकडे महिना ५०० रुपये. औषधोपचार मिलिटरी हॉस्पिटलात. क्वार्टर मिळालं तर त्याचं भाडं सरकारी दराने. नोकरीतला फौजी शहरात राहत नाही, त्या शहराच्या एका कुंपणाआत राहतो. बाहेरचा बाजारभाव त्याला अर्धामुर्धाच लागतो.

क्वार्टर मिळालं नाही, तर घरभाडे भत्ता आहे. त्यासाठी सरकारने शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केलेत. पुणे एक्समध्ये, बठिंडा झेडमध्ये. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, तसे सातव्या वेतन आयोगाचे हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. हवालदाराचं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये. त्यावर बठिंड्यात २,९२० मिळतात, पुण्यात ८,७६०. पुण्यात तेवढ्यात मनासारखं घर मिळेल असं मी म्हणत नाही. पण नोकरीत असेपर्यंत शहराच्या महागाईचा थोडा तरी भार सरकार उचलतं.

निवृत्तीच्या दिवशी हे कुंपण गळून पडतं. क्वार्टर जातं. पेन्शनवर घरभाडे भत्ता मिळत नाही. महागाईची भरपाई मिळते ती देशभर एकाच दराने, तुम्ही कुठेही राहा. उरतं काय, तर कॅन्टीनचं कार्ड आणि ईसीएचएस. म्हणजे वीस वर्षं कुंपणाआतून बघून जे गाव आपण 'स्वस्त' ठरवलं, त्याचा खरा भाव आपल्याला तेव्हा कुठे कळायला लागतो.

आमच्या एका तरुण कॅप्टनने वेगळी शक्कल काढली. सरकारी निर्देशांक बघून तो म्हणाला, "सर, या शहराचा आकडा त्या शहरापेक्षा कमी आहे, म्हणजे हे स्वस्त." नाही. शिमल्याचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ८८ केंद्रांसाठी काढतो, आणि २०१६ साली यातलं प्रत्येक केंद्र १०० धरलेलं आहे. महागडं शहरही १००, स्वस्त गावही १००. तिथून पुढे कुठे भाव किती वाढले एवढंच तो आकडा सांगतो. कुठे राहणं महाग, हे तो सांगतच नाही.

माझी शीट पूर्ण झाली तेव्हा मी ती बायकोला दाखवली. तिने खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "अरे, यात माझी ओळ कुठाय?"

नव्हती. ती गणिताची शिक्षिका आहे, बीएड झालेली. लग्नापासून तिने सात शाळा बदलल्या. दर पोस्टिंगला राजीनामा, दर ठिकाणी नव्याने सुरुवात, कधी कंत्राटावर, कधी वर्षाच्या मध्यातच. दोन ठिकाणी तर नोकरी मिळालीच नाही. ती दोन गावं माझ्या लेखी सगळ्यात स्वस्त होती. भाजीत महिन्याला दोन हजार वाचले म्हणून मी खूश होतो, आणि घरात येणारा अख्खा पगार बंद झाला होता. तो मी खर्चात धरलाच नव्हता.

दुसरी ओळही नव्हती. माझे आईवडील साताऱ्यात असतात. बठिंड्याहून पंजाब मेलने कल्याण गाठायचं, तिथून पुणे, मग सातारा. सुट्टीत हा प्रवास मजेचा असतो. पण वडिलांना रात्री दवाखान्यात हलवलं, असा फोन येतो तेव्हा रेल्वे परवडत नाही. दिल्ली गाठून मिळेल त्या भावाचं विमान पकडावं लागतं. त्या वर्षी असं तीनदा झालं.

जवानांची गोष्ट याहून कठीण. आपला हवालदार चाळिशीच्या आसपास घरी जातो. मुलं शाळेत असतात, आणखी वीस वर्षं कमवायचं असतं. आमच्या एका हवालदाराने शेवटच्या पोस्टिंगच्या गावात स्वस्त म्हणून प्लॉट घेतला, घर बांधलं. तिथे काम मिळेना. आज तो पुण्यात एका खोलीत राहून सिक्युरिटीची नोकरी करतो आणि बायकामुलं त्या स्वस्त गावात आहेत. दोन चुली, दोन वीजबिलं. फौजेत असताना फॅमिली क्वार्टरसाठी रांगेत थांबलेला माणूस निवृत्तीनंतरही सेपरेटेड फॅमिलीच राहिला.

छोटं गाव वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याचं अपशिंग्यात स्वतःचं घर आहे, दोन एकर रान आहे, त्याने पुण्याकडे बघूसुद्धा नये. ज्याची मुलं मार्गी लागलीत आणि पेन्शन घरखर्चाला पुरून उरते, त्याने महूला राहावं, देहरादूनला राहावं, खुशाल राहावं. माझा राग आहे तो एकाच्या सोयीचा हिशोब सगळ्यांच्या गळ्यात मारण्यावर.

म्हणून सीओ लोकांना सांगणं आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या जवानाला बसवून प्लॉट आणि कर्जाबद्दल बोलता, तसं हेही विचारा: तुला तिथे काम काय मिळेल? तुझ्या बायकोला काय मिळेल? मुलगी बारावीनंतर कुठे शिकेल? म्हाताऱ्या आईकडे पोचायला किती तास लागतील? आणि हे विचारताना त्याच्या बायकोलाही समोर बसवा. कांद्याचा भाव शेवटी बघा. तो दोन्ही शहरांत चढतो आणि दोन्ही शहरांत उतरतो.

आम्ही पुण्याला चाललोय. दर महिन्याला घरातून जास्त पैसे जाणार हे नक्की. पण शीटमध्ये आता तिची ओळ आहे, आणि ती तिने स्वतः भरली आहे.