बॉनेटवर जाऊ नका!

जाड टायर, डिझेल इंजिन, मिलिटरी हिरवा रंग... अशी जुनी जीप दिसली की आपण लगेच म्हणतो, "वॉव, वर्ल्ड वॉरची जीप!" मालकही खुशीत मान डोलावतो. पण मित्रांनो, रंग कोणीही मारतो. ग्रिल, बॉनेट, इंजिन सगळं बदलता येतं. खरं बोलते ती चेसिस!

जरा वाकून पुढचा क्रॉसमेंबर बघा. १९४१ ते १९४५ मधली लष्करी जीप असेल, तर गोल पाइप म्हणजे विलीज एमबी आणि उलटा यू म्हणजे फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डने तर कित्येक बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' उमटवला होता!

आता उंच बॉनेटवाली सीजे-३बी घ्या. १९५३ च्या या मॉडेलचं हरिकेन इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच. आपल्याकडे महिंद्राने हीच जीप वर्षानुवर्षं बनवली. आज काही गॅरेजवाले तिचं बॉनेट कापून 'लो बॉनेट' करतात, पुढे नऊ खाचांची ग्रिल बसवतात, आणि ती 'युद्धातली' म्हणून खपते.

माझा मॉडिफिकेशनला अजिबात विरोध नाही. आपण इंजिनियर, हात शिवशिवणारच! पण ग्राइंडर चालवताना मूळ खुणा आणि नंबर पुसू नका. काय बदललं ते वहीत लिहा, इंजिन बदललं तर आरटीओत नोंदवा. मुंबईत जन्मलेल्या जीपलाही स्वतःचा इतिहास आहे. तिला उसना कशाला हवा?