"पात्र असेल त्याला मिळतंच" म्हणे!

गेल्या महिन्यात घरच्याच एका बारशाला गेले होते. जेवणं आटोपली, मोठी माणसं पंख्याखाली सतरंजीवर टेकली आणि नेहमीप्रमाणे देश चालवायला लागली. बोलता बोलता विषय अपंगांच्या अनुदानावर आला. आमचे एक जवळचे नातेवाईक (नाव लिहीत नाही, ते हे वाचतात) ठणकावून म्हणाले, "अहो, जो खरा अपंग असतो त्याला मिळतंच. ज्याचा अर्ज नाकारतात त्याच्यात काहीतरी खोट असणारच. सरकार काय वेडं आहे?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. चांगल्या दिवशी वाद नको म्हणून. पण तेव्हापासून ते घशाशी अडकलंय, म्हणून आज लिहायला बसले.

तर मंडळी, गोष्ट माझ्या एका विद्यार्थ्याची आहे. विद्यार्थी म्हणजे आता बावन्न वर्षांचा बाप्या आहे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. शाळा सुटल्यावर शिवणकाम शिकला, उजव्या पायाने मशीन मारत तीस वर्षं गावाचे लेंगे-सदरे शिवले. पुढे सगळेच तयार कपडे घ्यायला लागले. आता त्याच्याकडे उरलंय ते चेन बदलणं, पँट आखूड करणं, साडीला फॉल लावणं. बायको दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते.

कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करायचं ठरवलं. ही योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. अपंगत्वाच्या कारणाने अर्ज करायचा तर किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत लागतं. पन्नास हजारांना ३६५ ने भागून बघा. दिवसाला १३७ रुपये, अख्ख्या घराचे! (आमच्या नातेवाईकांच्या घरी तेवढ्याचं सकाळचं दूध येतं.)

जून २०२४ मध्ये जिल्ह्याच्या रुग्णालयातून त्याला दाखला मिळाला. डावा पाय, कायमस्वरूपी अपंगत्व, ३० टक्के. तो घेऊन तहसील कचेरीत गेला, तर खिडकीतून उत्तर आलं, "बसत नाही." बस्स. एवढंच. तो घरी आला आणि मशीनवर बसला.

मला हे कळलं ते पुढे दोन महिन्यांनी, पिशवीची चेन बदलायला गेले तेव्हा. मी विचारलं, "अरे, का बसत नाही ते लिहून दिलं का?" त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाही बाई, तोंडीच सांगितलं."

तीनदा विचारावं लागलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दाखला पुन्हा हातात घेतला. त्यात पाय होता, कानाचं अक्षर नव्हतं!

"कान तपासले नाहीत का रे?"

"पायाचाच अर्ज होता ना बाई."

अर्ज हल्ली संगणकावर भरायचा असतो. त्याने तो बाजारातल्या एका सायबर कॅफेतल्या पोराकडून भरून घेतला होता. पोराने समोर लंगडणारा माणूस बघितला आणि अपंगत्वाच्या रकान्यात पायाची खूण केली. ऐकायला येत नाही हे याने सांगितलं होतं म्हणे. पोरगा म्हणाला, दोन टाकले की फाईल अडकते. पुढे रुग्णालयात पायाच्या डॉक्टरांनी पाय मोजला, कारण कागदावर पाय होता. कचेरीने ३० चा आकडा वाचला, कारण कागदावर ३० होते. यात कुणीच खोटं वागलं नाही. प्रत्येकाने आपापल्या पुढ्यातला कागद बघितला. माणसाकडे कुणी बघितलं नाही एवढंच.

आता एक कबुली द्यायची आहे, कारण ती न देता दुसऱ्यांना बोलणं बरं नाही. हा मुलगा पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होता. त्याचा कान वाहायचा. कापसाचा बोळा घालून यायचा. मी फळ्याकडे तोंड करून शुद्धलेखन सांगायची आणि हा निम्मे शब्द गाळायचा. मी त्याला उभं केलंय, डस्टरही मारलाय. त्याच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या हस्ताक्षरात "वर्गात लक्ष देत नाही" असा शेरा आहे, तो त्याने अजून जपून ठेवलाय. मीसुद्धा पायच बघितला होता. खेळाच्या तासाला त्याला सावलीत बसवायची आणि आपण फार दयाळू आहोत असं मला वाटायचं. असो.

तर आम्ही दोघं कामाला लागलो. तहसील कचेरीत गेलो. मी म्हटलं, "भाऊसाहेब, नकार दिलात ते ठीक, पण कारण लेखी द्या." ते म्हणाले, "आजी, असं लेखी कुणी मागत नाही." हे मात्र अगदी खरं आहे! कुणी मागत नाही म्हणूनच तर हे सगळं चाललंय. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, आणि त्याच्यावर अपीलही करता येत नाही. मग मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि समोरच टपालात देऊन पोच घेतली. तीस दिवसांची मुदत असते, अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. "अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने अपात्र." एका ओळीचा कागद. पण तो हातात आल्यावर काय करायचं ते कळलं.

रुग्णालयात आणखी एक तोंडी नकार वाट बघत होता. "एकदा दाखला निघाला की काही होत नाही." हे साफ चूक आहे, आणि ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी हे लक्षात ठेवा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याच्या कलम ५९ मध्ये दाखल्याच्या निर्णयावर अपील करता येतं असं स्वच्छ लिहिलंय. आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे मुळात दाखलाच नाकारला तर त्याचीही कारणं लेखी कळवावी लागतात. मी अर्जात कलमाचा आकडा घातला आणि लिहिलं की यांना ऐकू येत नाही, ते तपासलेलंच नाही, तरी दोन्ही मिळून अपंगत्व ठरवावं.

सगळेच वाईट असतात असं मात्र म्हणणार नाही. कान-नाक-घशाच्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी त्याच्या पाठीमागून हाक मारून बघितली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आधी कुणी लिहिलं कसं नाही?" त्यांनी ऑडिओमेट्री लिहून दिली, आणि डोक्याला तारा लावून करतात ती बेरा नावाची तपासणी. ते मशीन ठरावीक दिवशीच चालायचं. एकदा माणूस रजेवर होता, एकदा वीज नव्हती. फेब्रुवारी २०२५ उजाडला. कानाचं अपंगत्व २१ टक्के निघालं.

आता ३० आणि २१ किती? मी आयुष्यभर मुलांना ५१ सांगितलं. इथे तसं नसतं. मोठ्या आकड्यात लहान आकडा सरळ मिळवत नाहीत. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, त्याने लहान आकड्याला गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे नव्वदातून तीस गेले साठ, एकवीस गुणिले साठ भागिले नव्वद, चौदा. तीस आणि चौदा चव्वेचाळीस. बाईंनी तिथल्या तिथे कागदावर करून दाखवलं आणि मी मनात त्यांना दहापैकी दहा दिले! ४४ टक्के. तोच माणूस, तोच पाय, तेच कान. जूनमध्ये अपात्र, फेब्रुवारीत पात्र.

आमच्या नातेवाईकांना मला विचारायचंय, जूनमध्ये त्याच्यात कोणती खोट होती?

या सगळ्यात आमच्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यात एक गंमत सांगते, हसू येतं का बघा. मी शहात्तर वर्षांची. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. माझे दोन्ही पाय धड, दर महिन्याला पेन्शन, मुलगा परदेशात. आणि माझ्या शेजारी बसलेला, पाय ओढत चढलेला माणूस पूर्ण तिकीट काढतोय, कारण अपंगांच्या सवलतीलाही ४० टक्केच लागतात आणि त्याचे तेव्हा ३० होते. मला कुणी कधी विचारलं नाही, "आजी, तुम्ही खऱ्या म्हाताऱ्या कशावरून?"

मान्य आहे, खोटे दाखले असतात. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून केवढा गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. सरकारी पैसा जपायलाच हवा, मीही कर भरलाय. पण जरा विचार करा. ज्याला खोटा दाखला काढायचाय त्याला कोणत्या रकान्यात काय भरायचं ते बरोबर ठाऊक असतं. त्याची ओळख असते, गाडी असते, वेळ असतो. त्याची फाईल कधी अपुरी नसते! अपुरी असते ती आमच्या शिंप्याची. म्हणजे कागद जितके वाढवाल तितका खरा माणूस गळणार. "नाकारलं म्हणजे खोटा" हा हिशोबच उलटा आहे.

आणि एवढं करून मिळतं काय? ४४ टक्क्यांच्या दाखल्यानंतर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली निघाली, तो पुन्हा काढला. जुलै २०२५ मध्ये मंजुरी झाली. ऑगस्टमध्ये बँकेत १५०० रुपये आले. मधल्या अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार त्याला मिळाले नाहीत. चूक रकान्याची, भुर्दंड त्याला.

रकमेचंही ऐका. इतरांना जी मदत मिळते त्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त द्यावी, असं त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. तरी २०२३ साली रक्कम १५०० झाली ती सगळ्यांना सारखीच. अपंगांना २५०० व्हायला ऑक्टोबर २०२५ यावा लागला. केंद्राची वेगळी अपंग पेन्शन आहे, तिला तर ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर लागतं, आणि केंद्राकडून मिळतात महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून तेवढेच. मधल्या काळात बदलला तो शब्द. अपंगाचा दिव्यांग झाला. आमचा शिंपी म्हणतो, "बाई, मला काहीही म्हणा, फक्त मोठ्याने म्हणा."

मी फार मोठं काही मागत नाही. नाही म्हणायचंय तर कागदावर म्हणा, कारण लिहा, आणि त्याच कागदाच्या खाली अपील कुठे करायचं ते छापा. तपासणीला माणूस समोर बसला की एकदा विचारा, "आणखी काही त्रास आहे का?" याला पैसे लागत नाहीत. आणि आपण शिकलेल्या लोकांनी नकार ऐकला की "जाऊ दे, नशीब" म्हणणं आधी बंद करावं. माझी पेन्शन कधी एक महिना उशिरा आली तर मी बँकेत जाऊन बसते, त्याला कुणी रडणं म्हणत नाही. त्याच्या वाट्याला आलं की तेच अनुदान होतं, उपकार होतो, आणि घेणाऱ्याने खाली मान घालून घ्यायचं असतं.

रुग्णालयाच्या रांगेत आमच्या पुढे एक बाई असायची, वीस वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलाला दृष्टी कमी आणि समजही कमी. त्याच्याही दाखल्यावर फक्त डोळे आहेत. तिचा अर्ज मी परवा लिहून दिला. येत्या बुधवारी बोर्ड आहे आणि मुलाला एसटीच्या गर्दीत फार त्रास होतो. आमच्या नातेवाईकांकडे गाडी आहे, ते निवृत्त आहेत आणि बुधवारी मोकळे असतात. मी काल त्यांना फोन करून विचारलं, येता का आमच्याबरोबर? "बघतो, सांगतो" म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.