घारापुरी शिकवायची, तर गावासह

१/ सुकापूर आणि घारापुरी एकाच रायगड जिल्ह्यात. तरीही ‘एलिफंटा’ म्हटले की मुलांच्या ओठी मुंबईचेच नाव येते. हा दोष मुलांचा नव्हे, शिकवण्याचा आहे.

२/ ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी बेटावरील दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला, परके नाव मात्र राहिले.

३/ ज्या शिल्पाला ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ म्हणून दाखवले जाते, तो सदाशिव आहे. तिन्ही मुखे शिवाचीच. सहल एवढी साधी चूकही सुधारत नसेल, तर ती केवळ नौकाविहार ठरते.

४/ लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्याच बेटावरील शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती २०१८ मध्ये.

५/ ‘अभ्यासक्रमात वेळ नाही’ ही सबब टिकणारी नाही. वर्गात एकच प्रश्न विचारावा: पाषाणाला मान मिळाल्यावर माणसांच्या घरी उजेड यायला ३१ वर्षे का लागली? वारशाचा खरा धडा तेथून सुरू होतो.